साक्ष आणि संसार : ‘स्मृतिचित्रे’चा पुनर्विचार

आत्मचरित्र लिहिणाऱ्यास एकाच वेळी दोन माणसांशी व्यवहार करावा लागतो. ज्याची हकीकत सांगावयाची तो पूर्वीचा माणूस, आणि जो ती सांगत असतो तो आजचा माणूस. दोघांत वयाचे, अनुभवाचे आणि समजुतीचे अंतर असतेच. परंतु मधल्या काळात ज्याने धर्म बदलला, त्याच्या बाबतीत ह्या अंतराची दरी होते. आजच्या काठावर उभे राहून तो पलीकडच्या काठावरील स्वतःकडे कोणत्या नजरेने पाहतो, ह्यावर धर्मांतरिताच्या आत्मकथनाचे वाङ्मयीन मोल बहुतांशी ठरते. पलीकडच्या काठावर तो एकटा नसतो, हेही विसरून चालत नाही. आई, वडील, भावंडे, पत्नी, पती ही सारी जिव्हाळ्याची माणसे तेथेच मागे उभी असतात. श्रद्धेचा हिशेब मांडताना ह्या माणसांचा हिशेब कसा मांडला, हा अशा ग्रंथास विचारावयाचा दुसरा आणि अधिक अवघड प्रश्न होय.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’विषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे आणि बहुतेक सारे कौतुकाचेच आहे. भाषेचा साधेपणा, निर्मळ विनोद, निरागस प्रांजळपणा हे गुण प्रत्येक टीकाकाराने सांगितले आहेत आणि ते खरेही आहेत. तथापि ह्या कौतुकात एक प्रकारची वाटणी झालेली दिसते. मराठी रसिकाने त्यातील संसार घेतला आणि धर्म बाजूस ठेवला; ख्रिस्ती वाचकाने धर्म घेतला आणि संसारास त्या धर्माची पार्श्वभूमी मानले. ग्रंथाच्या इंग्रजी अवतारांची नावे पाहिली तरी ही वाटणी ध्यानात येते. जोसेफिन इंकस्टर ह्यांनी १९५० साली केलेल्या अनुवादाचे नाव ‘आय फॉलो आफ्टर’. ते पौलाच्या फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राची आठवण करून देते आणि वाचकास श्रद्धेच्या वाटेने नेते. शांता गोखले ह्यांच्या २०१७ च्या अनुवादाचे उपशीर्षक मात्र एका तेजस्वी, बाणेदार पत्नीच्या आठवणी असे सुचविते. दोन्ही नावे आपापल्या परीने योग्य आहेत. परंतु प्रत्येकाने अर्धा ग्रंथ उचलला आहे. ‘स्मृतिचित्रां’त श्रद्धा आणि संसार ह्या दोन वस्तू नाहीत, ह्या ग्रंथात श्रद्धेची परीक्षा संसारातच होते आणि त्यामुळेच तो धर्मांतराच्या वाङ्मयात एकाकी आणि श्रेष्ठ ठरतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

हे पटावयाचे तर ‘स्मृतिचित्रे’ त्याच्या कुळातील ग्रंथांशेजारी ठेवून पाहावयास हवे. ते कूळ लहान असले तरी तेजस्वी आहे.

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) ह्यांचे ‘अरुणोदय’ हे मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांपैकी एक. बेळगावच्या एका सधन, धर्मशील कासार कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मिशनच्या शाळांत शिक्षण झाले. मुंबईस परमहंस सभेतील सुधारकांशी संबंध आला. आणि १८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ग्रंथाचे नावच त्याची रचना सांगते. अंधारातून हळूहळू फटफटीत उजाडत जाते, तसा हा जीवनक्रम लेखकाने मांडला आहे. घरातील व्रते, देवपूजा, सणवार, भीती आणि समजुती ह्यांचे त्यांनी केलेले वर्णन समाजेतिहासाच्या अभ्यासकास आजही मोलाचे वाटते. परंतु प्रत्येक वर्णनाच्या पाठीशी उजाडल्यानंतरचा माणूस उभा आहे. पूर्वीच्या बाबाने जे मनोभावे केले, ते आताचे बाबा पदमनजी लागलीच तपासतात, त्याची चूक दाखवितात आणि वाचकास पुढे नेतात. पूर्वीच्या मुलास आपल्या बाजूने बोलण्याची संधी क्वचितच मिळते. आईवडिलांचे दुःख लेखकास ठाऊक आहे आणि त्याचा व्रण त्यास आहे. पण ग्रंथाची घडण वादाची असल्यामुळे ते दुःख मार्गातील एक कसोटी म्हणूनच येते. कसोटी उतरली की वाट पुढे जाते आणि ज्यांना ती सोसावी लागली ती माणसे मागे राहतात.

पंडिता रमाबाईंची (१८५८–१९२२) गोष्ट निराळी. १९०७ साली त्यांनी इंग्रजीत लिहिलेल्या साक्षीत जिवलगांचे चित्र कितीतरी अधिक जवळून येते. पत्नीस संस्कृत शिकविण्याचे धाडस करणारे वडील अनंतशास्त्री डोंगरे, लेकीस विद्या देणारी आई, तीर्थोतीर्थी हिंडणारे ते कुटुंब, आणि १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडिलांचा झालेला अंत, हे सारे वाचताना मन गलबलते. पुढे १८८० साली भाऊ आणि १८८२ साली पती बिपिनबिहारी दास मेधावी गेले. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धर्म पत्करल्यानंतरही पुढे काही वर्षांनी खुद्द ख्रिस्त आपणांस गवसला, असा सूक्ष्म भेद रमाबाई करतात. धर्म स्वीकारणे आणि ज्याचा तो धर्म त्याची भेट होणे ह्या दोन घटना होत, ही त्यांची जाण असामान्य आहे. तरीही साक्षीची शिस्त त्यांनी मोडलेली नाही. साक्ष देणारा न्यायासनासमोर उभा असतो. त्यास एकच गोष्ट शाबीत करावयाची असते आणि तिला पूरक नसेल ते तो गाळतो. रमाबाईंच्या जिवलगांचा मृत्यू त्यांच्या धर्मांतराच्या पूर्वीच झाला होता, हेही ध्यानात घ्यावे. ज्यांच्याशी भांडावयाचे ती माणसे उरलीच नव्हती. त्यांच्या कथेत शोक अपार आहे. परंतु एकाच घरात दोन श्रद्धांचा संघर्ष नाही.

लक्ष्मीबाईंच्या वाट्यास नेमका तो संघर्ष आला.

३

‘स्मृतिचित्रां’चा आरंभ लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या जन्मापासून होत नाही. तो होतो १८५७ च्या धामधुमीत आईच्या वडिलांना, वासुदेव भगवंत जोगळेकरांना, झालेल्या फाशीपासून, आणि त्या धक्क्याने जावयाच्या मनाने घेतलेल्या वळणापासून. लक्ष्मीबाईंचे वडील नाना गोखले ह्यांनी त्यानंतर सोवळ्याचे जे खूळ घेतले, त्याने सारे घर वेठीस धरले. बाजारातून आलेल्या जिनसा धुऊन घेण्यापर्यंत मजल गेली. ही हकीकत वाचताना वाचक खदखदून हसतो आणि टीकाकार तिला विनोदाचा नमुना म्हणून उद्धृत करतो. पण एवढ्यावर थांबले तर ग्रंथाची गुरुकिल्लीच हातची जाते. सोवळे हा येथे केवळ कर्मठपणा नव्हे. डोळ्यांदेखत कोसळलेल्या अनर्थावर एका भेदरलेल्या माणसाने शोधलेला तो उपाय आहे. ज्या जगाने सासऱ्यास फासावर चढविले, त्या जगाचा स्पर्शच नको, असे त्याचे मन म्हणते आणि पाण्याच्या घागरींवर घागरी ओतू लागते. भीती आणि शोक गोठले की त्यांस आचाराचे रूप येते, ही गोष्ट लक्ष्मीबाई कोठेही सूत्ररूपाने सांगत नाहीत. परंतु ग्रंथाच्या पहिल्याच पानांवर फाशी आणि सोवळे शेजारी शेजारी ठेवून त्यांनी ती सांगून टाकली आहे.

धर्मांतरित लेखकास हे प्रकरण म्हणजे आयतीच संधी होती. जुन्या धर्माच्या निरर्थकतेचा ह्याहून ठळक दाखला कोणता मिळणार? पदमनजींनी येथे निश्चितच एक परिच्छेद विवेचनाचा घातला असता. लक्ष्मीबाई तसे करीत नाहीत. त्या वडिलांना हसतात, त्यांच्या धाकाने पोळलेल्या आईची बाजू घेतात आणि तरीही नानांना खलपुरुष होऊ देत नाहीत. नवी श्रद्धा त्यांनी जुन्या घरावर न्यायाधीश म्हणून बसविलेली नाही. हा संयम अजाणतेपणातून आलेला नाही. चाळीस-पन्नास वर्षांनंतर, पुष्कळ पाहून-सोसून झाल्यावर लिहिणाऱ्या स्त्रीची ती निवड आहे.

४

ग्रंथाच्या मध्यभागी टिळक आहेत. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९), मराठीचे फुलामुलांचे कवी, तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे पोहोचल्याचे सांगणारे भक्त, १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक, १९१७ साली मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडणारे संन्यस्त वृत्तीचे पुरुष. हे झाले चरित्रकोशातील टिळक. लक्ष्मीबाईंचे टिळक ह्यांच्या जोडीला आणखी पुष्कळ काही आहेत. ते शीघ्रकोपी आहेत, लहरी आहेत, न सांगता घरातून निघून जाणारे आहेत, हाती आलेला पैसा कोणा गरजूस देऊन रिकाम्या हातांनी परतणारे आहेत. वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या मुलीने ह्या वादळाशी संसार केला. त्यांनीच तिला लिहावयास-वाचावयास शिकविले आणि त्यांनीच तिच्या आयुष्याचा पायाही एकदा उखडला.

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांच्या हाती नवा करार दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळाची कल्पना येण्यास एक गोष्ट पुरे आहे. १८९० साली पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठितांनी चहा घेतला, तेवढ्यावरून ग्रामण्य झाले आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. जेथे एका पेल्याने एवढा गहजब होतो, तेथे बाप्तिस्मा म्हणजे घरच्यांच्या दृष्टीने जिवंतपणी मरणच. रमाबाई रानडे ह्यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) ह्या ग्रंथात त्या प्रायश्चित्ताची हकीकत सांगितली आहे. तेथे पतीच्या निर्णयाने पत्नीस क्लेश होतात. परंतु पती थोर आहे ही निष्ठा क्षणभरही ढळत नाही. लक्ष्मीबाईंचा मार्ग ह्याहून खडतर आहे. पती थोर आहे हे त्यांना ठाऊक आहे. त्याने आपणांस उद्ध्वस्त केले हेही ठाऊक आहे. आणि ह्या दोन सत्यांपैकी एकासही त्या दुसऱ्यासाठी दडपीत नाहीत.

बाप्तिस्म्यानंतरच्या चार-पाच वर्षांच्या वियोगाचे प्रकरण ग्रंथाचे हृदय होय. लहानग्या दत्तूस घेऊन नातलगांच्या आश्रयाने पंढरपुरास काढलेले दिवस, अन्नावरून उडालेली वासना, विरहात सुचू लागलेल्या कविता, येणारी-जाणारी पत्रे, आप्तांची माया आणि त्याच मायेचा पहारा, हे सारे लक्ष्मीबाई लिहितात तेव्हा त्या केव्हाच ख्रिस्ती झालेल्या आहेत. टिळक आता जगात नाहीत आणि मराठी ख्रिस्ती समाजात ते वंद्य आहेत. तो वियोग देवाच्या योजनेचाच एक भाग होता, असे म्हणून मोकळे होणे त्यांना सहज शक्य होते. श्रोत्यांना ते आवडलेही असते. त्यांनी तसे म्हटले नाही. त्या चार वर्षांतील संतप्त, अपमानित, व्याकुळ हिंदू स्त्रीला त्यांनी पूर्ण बोलू दिले आहे. आजची ख्रिस्ती लक्ष्मीबाई तिला मध्येच अडवीत नाही, सुधारीत नाही, तिची समजूतही घालीत नाही. धर्मांतरिताच्या आत्मकथनातील ते दोन ‘मी’ येथे प्रथमच एकमेकांस मान देताना दिसतात. माझ्या मते ‘स्मृतिचित्रां’चे सर्वांत मोठे वाङ्मयीन यश हेच आहे, आणि ते नैतिक यशही आहे.

५

मग ह्या स्त्रीची स्वतःची श्रद्धा जन्मास आली कशी? पती गेला म्हणून पत्नी गेली, असा सरळ अर्थ कित्येकांनी केला आहे. ग्रंथ त्याला दुजोरा देत नाही. पतीकडे परतल्यावरही लक्ष्मीबाई आपले सोवळे, आपले पाणी, आपली चूल वेगळी ठेवतात. टिळक सक्ती करीत नाहीत, हे त्यांच्या मोठेपणाचे. पण केवळ त्या मोठेपणाने पत्नीचे मन पालटत नाही. ते पालटते एका प्रश्नाने. जातिभेद देवाने निर्मिला की माणसाने? हा प्रश्न एकदा मनात शिरला, की नानांच्या घरापासून अंगात मुरलेले सोवळे आतून सुटू लागते. माणसामाणसांत देवाने भेद केला असता, तर जन्मात, मरणात, हाडामांसात तो कोठेतरी दिसला असता, ह्या साध्या विचारातून त्या निर्णयास येतात आणि निर्णयास आल्याबरोबर वागूही लागतात.

येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी पंक्तिभेद गेला, नंतर धर्म आला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो हा पालट होऊन गेल्यावर. पदमनजींच्या ग्रंथात मत बदलते आणि मागाहून आचार बदलतो; लक्ष्मीबाईंच्या ग्रंथात हात बदलतात, पाण्याचे भांडे बदलते आणि त्यातून मत स्पष्ट होते. ईश्वरशास्त्राच्या पंडितास ही वाट उलटी वाटेल. परंतु ज्या समाजात धर्म मुख्यतः स्वयंपाकघरात पाळला जातो, त्या समाजात धर्मांतरही प्रथम स्वयंपाकघरातच घडावे, हे अगदी स्वाभाविक आहे. तत्त्वचर्चेस बसणाऱ्या पुरुषांनी लिहिलेल्या धर्मांतराच्या इतिहासात ही बाजू येऊच शकत नव्हती. ती लक्ष्मीबाईंनी आणली.

ह्या दृष्टीने पाहिले म्हणजे ग्रंथाच्या आरंभीचे सोवळे आणि मध्यावरील हा प्रश्न ह्यांचा सांधा दिसू लागतो. वडिलांच्या घरी पाणी वेगळे करण्यासाठी होते. पुढे लेकीच्या घरी ते वाटून घेण्यासाठी झाले. अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) त्या घरात दुष्काळाने अनाथ केलेली मुले आली, परक्यांची मुले वाढली, आणि बालकवी ठोमरे ह्यांच्यासारखा हिंदू तरुण कवीही घरच्या मुलासारखा राहून गेला. त्याचा धर्म बदलावा म्हणून नव्हे, त्याला घर हवे होते म्हणून. १९१८ साली भादलीजवळ रेल्वेखाली बालकवींचा अंत झाला, तो ह्या घरावरही आघात होता. लक्ष्मीबाईंचा ख्रिस्त कोठे आहे, असे विचारणाऱ्याने त्याला प्रवचनाच्या परिच्छेदात शोधू नये. ह्या घराच्या उघड्या दारात शोधावे.

६

विनोदाचा विचारही ह्याच सूत्राने करावयास हवा. ‘स्मृतिचित्रां’तील विनोदास आपण नर्मविनोद म्हणतो आणि समाधान मानतो. परंतु तो केव्हा येतो आणि केव्हा येत नाही, ह्याकडे पाहिले आहे काय? वियोगाच्या प्रकरणात तो विरळ होतो. टिळकांच्या लहरी, त्यांचे विसरणे, त्यांचे औदार्य, दोघांची भांडणे ह्यांच्या वर्णनात तो भरभरून येतो. म्हणजे जी जखम भरली आहे, तिच्याविषयीच लक्ष्मीबाई हसून बोलतात. जी भरलेली नाही, तिच्याविषयी त्या गंभीरपणे बोलतात, किंवा बोलतच नाहीत. हा विनोद भाषेचा अलंकार म्हणून आलेला नाही. तो त्यांच्या क्षमेचे वाङ्मयीन रूप आहे. ‘मी क्षमा केली’ असे वाक्य लिहिणाऱ्यावर वाचक विश्वास ठेवतोच असे नाही. परंतु ज्याने आपल्याला रडविले त्याच्याविषयी जी स्त्री इतक्या मोकळेपणाने हसू शकते, तिने त्याला क्षमा केली आहे ह्याविषयी शंका राहत नाही. शिवाय हसता हसता त्या त्याचे अपराध विसरलेल्या नाहीत, ते एकेक करून सांगितले आहेत. अपराध न लपविता केलेली ही क्षमा मराठी वाङ्मयात तरी दुर्मिळ आहे.

ह्यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की ही सारी योजना टीकाकाराच्या डोक्यातील. बिचाऱ्या लक्ष्मीबाई भाबडेपणाने आठवेल तसे सांगत गेल्या. भाबडेपणाची ही कल्पना आता सोडून द्यावयास हवी. ‘भरली घागर’ ही ज्यांची काव्यसंपदा, टिळकांनी आरंभिलेले आणि अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ ज्यांनी पुढे शेकडो ओव्यांनी पूर्णत्वास नेले, ज्यांचा कान ओवीवर आणि घरगुती कथनावर तयार झाला, त्यांना कोठे थांबावे, कोठे वाक्य तोडावे, कोठे श्रोत्यास हसवून लगेच गप्प करावे हे पक्के ठाऊक होते. शाळेत न गेलेला माणूस कलावंत नसतो, हा सुशिक्षितांचा भ्रम आहे. ‘स्मृतिचित्रां’चे गद्य बोलीचे गद्य आहे, पण बोलीतही कसलेला सांगणारा आणि नुसता बोलणारा ह्यांत फरक असतोच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. टिळकांचे चरित्र लिहावयाचे म्हणून चिरंजीव देवदत्त ह्यांनी आईकडे आठवणी मागितल्या, त्यांतून हा ग्रंथ उभा राहिला. मुलाने मागितलेल्या, मुलासाठी सांगितलेल्या आठवणींत आईस आपले सारे मन उघडे करता येईल काय? हा प्रश्न रास्त आहे. ग्रंथात पतिपत्नीच्या नात्याचा काही भाग मौनात राहिला आहे, कालानुक्रम अनेकदा सैल आहे, आणि टिळकांची बाजू टिळकांच्या तोंडून फारच थोडी ऐकू येते. १९१९ नंतरच्या भागात, टिळक गेल्यावर, कथनाचा ताणही उतरतो; ज्या वादळाशी झुंजत हे गद्य ताठ उभे होते ते वादळच शमलेले असते. चार भागांपैकी पहिला १९३४ मध्ये निघाला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई निवर्तल्या आणि शेवटचा भाग त्यांच्यामागे प्रसिद्ध झाला. त्यावर त्यांचा अखेरचा हात फिरला असता तर तो निराळा झाला असता, असे मानण्यास जागा आहे. परंतु मुलगा हा पहिला श्रोता असल्याने ग्रंथाचे नुकसान झाले त्याहून लाभ अधिक झाला. ज्या घरातील दरीच्या दोन्ही काठांवर तो मुलगा वाढला, त्याला दोन्ही काठ दाखविणे आईस भाग होते. वडिलांचा कैवार घेऊन आईचे दुःख खोटे ठरविता येत नव्हते, आणि आईचे दुःख सांगताना वडील त्याच्या मनातून उतरू द्यावयाचे नव्हते. ग्रंथातील तो अपूर्व तोल ह्या श्रोत्याचे देणे आहे.

७

प्रस्तुत लेखक सिल्वासा येथून लिहीत आहे. ह्या ग्रंथाच्या अध्यापनाचा विचार येथून थोडा निराळा दिसतो, म्हणून त्याविषयी दोन शब्द. दादरा आणि नगर हवेलीचा ख्रिस्ती धर्माशी आलेला संबंध राजसत्तेच्या मार्गाने आला. १७७९ च्या मराठा-पोर्तुगीज तहाच्या पोटी १७८३ मध्ये नगर हवेली पोर्तुगिजांच्या वहिवाटीस गेली, १७८५ मध्ये दादरा त्यांच्याकडे आले. १८९७ साली सिल्वाशात पिएदाद मातेचे चर्च उभे राहिले. २ ऑगस्ट १९५४ रोजी ह्या भूमीवरील पोर्तुगीज सत्ता संपली. त्या मुक्तिसंग्रामात सुधीर फडके ह्यांच्यासारखे मराठी कलावंतही होते. १९६१ मध्ये हा प्रदेश भारतीय संघराज्यात रीतसर समाविष्ट झाला आणि २०२० पासून तो दमण व दीवशी जोडला गेला आहे. ज्या विद्यार्थ्यास हा इतिहास ठाऊक आहे, तो ‘ख्रिस्ती’ हा शब्द सहज राज्यकर्त्यांच्या खात्यावर मांडतो. ज्याच्या घरी वारली किंवा कोकणा बोलली जाते, तो धर्म ही जन्माबरोबर आलेली आणि टोळीबरोबर राहणारी गोष्ट समजतो. दोघांनाही ‘स्मृतिचित्रे’ एक तिसरी शक्यता दाखविते. धर्म हा एका माणसाने, पूर्ण किंमत देऊन, आपल्या माणसांच्या डोळ्यांतील पाणी पाहत घेतलेला निर्णय असू शकतो. आणि तो न घेणाऱ्याचे दुःखही तितकेच खरे असू शकते.

ही शक्यता विद्यार्थ्यापर्यंत पोहोचावी असे वाटत असेल, तर अध्यापकांनी एक पथ्य पाळावयास हवे. ह्या ग्रंथातील उतारे निवडताना आपण सहसा सोवळ्याची गंमत आणि टिळकांची विसराळू स्वारी निवडतो. विद्यार्थी हसतो आणि लक्ष्मीबाई ही एक गमतीदार आजी होती अशी समजूत घेऊन वर्गाबाहेर पडतो. सोवळ्याच्या उताऱ्याआधी त्या आजोबांची फाशी शिकवावी. टिळकांच्या लहरींच्या उताऱ्याबरोबर वियोगाची दोन पाने वाचावीत. आणि पाण्याच्या भांड्याचा प्रश्न मुलांना स्वतःच्या गावाच्या संदर्भात विचारावयास लावावा. मग विनोदाचे वजन त्यांच्या ध्यानात येईल. ग्रंथालयातील मांडणीतही एक दुरुस्ती आवश्यक आहे. ‘अरुणोदय’, रमाबाईंची साक्ष आणि ‘स्मृतिचित्रे’ ह्यांपैकी शेवटचा ग्रंथ आपण मराठीचा मानला आणि पहिले दोन ‘मिशनरी वाङ्मय’ म्हणून वेगळ्या फळीवर ठेवले. फादर स्टीफन्सच्या १६१६ च्या ‘ख्रिस्तपुराणा’पासून ही मराठी वाहत आली आहे, तिला एका घाटावरच पाणी भरू द्यावयाचे आणि दुसऱ्यावर नाही, हे आपले सोवळेच म्हणावयाचे.

धर्मांतरितांच्या बहुतेक आत्मकथनांतून वाचक एका निष्कर्षासह बाहेर पडतो. लेखकाचा धर्म त्याला पटतो किंवा पटत नाही. ‘स्मृतिचित्रां’तून तो असा बाहेर पडत नाही. लक्ष्मीबाईंचा धर्म त्याचा असेल वा नसेल. परंतु ज्यांनी आपणांस दुखविले त्यांच्याविषयी खरे कसे बोलावे, ज्यांचे आपण सोडून आलो त्यांचा मान कसा राखावा आणि स्वतःच्या पूर्वीच्या चुकांची व दुःखांची लाज न बाळगता त्यांच्याशेजारी कसे बसावे, ह्याचा एक धडा त्याच्या पदरी पडलेला असतो. साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून हा धडा देता येत नाही. तो चुलीपाशी बसून, आयुष्यभराच्या माणसांची नावे एकेक घेतच द्यावा लागतो. आणि लक्ष्मीबाईंनी तो तसाच दिला आहे.